व्हेल शार्क पाहायला मालदीवला जाताना: बुकिंगपासून पाण्यात उतरेपर्यंत

मालदीवची राजधानी मालेच्या नैर्ऋत्येला साधारण शंभर किलोमीटरवर अरि नावाचं बेटांचं मोठं कडं आहे. त्याच्या दक्षिण टोकाला, रीफच्या, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीच्या, बाहेरच्या अंगाला, वर्षाचे बाराही महिने व्हेल शार्क दिसतात. बहुतेक ठिकाणी या माशाचा हंगाम ठरलेला असतो. ऑस्ट्रेलियात निंगालूला तो मार्चच्या सुमारास सुरू होऊन जुलैपर्यंत चालतो, मेक्सिकोत कानकूनच्या बाजूला जून ते सप्टेंबर. दक्षिण अरिला तशी अट नाही, आणि मुंबईहून माले थेट विमानाने जेमतेम तीन तासांवर आहे. म्हणून आपल्याकडून निघणाऱ्याला मी पहिल्यांदा हीच जागा सुचवेन.

पुढे जे लिहिलंय त्या सगळ्याच्या मुळाशी एकच कसोटी आहे. तुम्ही पाण्यात उतरलात म्हणून माशाने दिशा बदलली, वेग वाढवला किंवा खोल बुडी मारली, तर ती भेट फसली, मग फोटो कितीही सुंदर येवो. तो आपल्या चालीने चालत राहिला आणि तुम्ही बाजूने पाहत राहिलात, तर जमलं. बोट कोणाची घ्यायची, किती दिवस राहायचं, पाण्यात हात कुठे ठेवायचे, ही सगळी उत्तरं या कसोटीला लावूनच मिळतात.

आधी मासा समजून घ्या

नावात व्हेल असलं तरी हा देवमासा नव्हे, ही शार्कच. आपल्या मुशीच्या कुळातली. जगातला सगळ्यात मोठा मासा. पूर्ण वाढलेला असेल तर एसटीच्या गाडीपेक्षा लांब, १८ मीटरपर्यंतच्या नोंदी आहेत. खातो मात्र प्लवक, माशांची अंडी, बारीक मासळी. तोंड उघडून पाणी आत घ्यायचं आणि कल्ल्यांतून गाळून सोडायचं. माणसाला त्याच्यापासून धोका असलाच तर शेपटीच्या फटकाऱ्याचा, तोही आपण फार जवळ गेलो तर.

दक्षिण अरिला दिसतात ते बहुतेक वयात न आलेले नर, साधारण चार ते आठ मीटर लांबीचे. म्हणजे तिथे आपण मोठाली पोरं पाहत असतो. हा मासा वयात यायलाच दोन-तीन दशकं घेतो, त्यामुळे एकेक मासा दगावणं महागात पडतं. ते या कडेला वर का येतात याबद्दल अभ्यासकांचा एक अंदाज असा की, हे मासे खाण्यासाठी शेकडो मीटर खोल, गार अंधाऱ्या पाण्यात उतरतात आणि मग अंग शेकायला वरच्या कोमट थरात येऊन सावकाश पोहतात. रीफची भिंत तिथे एकदम खोल जाते, त्यामुळे वर-खाली करणं सोपं पडतं. हा अंदाज बरोबर असेल, तर आपण ज्या वेळी त्याला गाठतो ती त्याची विसाव्याची वेळ आहे. त्याला पुन्हा खाली पळवून लावणं म्हणजे काय, हे यावरून लक्षात यावं.

आणि वर तरंगत असतो म्हणूनच तो बोटींच्या पंख्याखाली सापडतो. तिथल्या निम्म्याहून जास्त माशांच्या अंगावर जखमा किंवा जुने व्रण आहेत. पाठीवर ओळीने समांतर कापल्याच्या खुणा, वरच्या पराचं, म्हणजे पंखासारख्या अवयवाचं, तुटलेलं टोक. पहिल्यांदा पाहताना पोटात कालवतं.

मालदीवमध्ये पूर्वी याची शिकार होत असे. यकृताचं तेल लाकडी होड्यांना लावायचे. १९९५ साली त्यावर बंदी आली, २००९ मध्ये दक्षिण अरिचा हा पट्टा संरक्षित सागरी क्षेत्र म्हणून जाहीर झाला आणि २०१० मध्ये देशभर सगळ्याच शार्कची मासेमारी थांबवली गेली. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरही होड्यांना हेच तेल लावत. भारतात २००१ मध्ये हा मासा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला, म्हणजे त्याची शिकार गुन्हा ठरली. पुढे वेरावळच्या कोळ्यांनी जाळी कापून शेकडो मासे सोडून दिले. आपल्या कोकणातही जाळ्यात आलेला व्हेल शार्क सोडणाऱ्या मच्छीमाराला फाटलेल्या जाळ्याची भरपाई देण्याची शासनाची योजना आहे. तेव्हा हा मासा आपल्याला परका नाही, फक्त आपल्या किनाऱ्यावर त्याच्यासोबत पोहण्याची सोय नाही.

जिथे खायला घालतात तिथे जाऊ नका

बेटाची सहल शोधताना फिलिपिन्समधल्या ओस्लोबची चित्रं हमखास समोर येतात. ‘व्हेल शार्क दिसणारच’ अशी खात्री तिथे मिळते, कारण रोज सकाळी बोटीतून त्यांना बारीक कोळंबीसारखं खाद्य टाकलं जातं. मासे माणसाळतात, होडीच्या कडेला तोंड घासतात, एकाच जागी महिनोन्‌महिने घुटमळतात. बोट म्हणजे खाणं हे एकदा डोक्यात बसलं की तो मासा दुसऱ्या एखाद्या चालत्या बोटीकडेही जाणार. त्या गावातल्या लोकांना यातून पैसा मिळतो हे खरं आहे आणि तो मुद्दा हलका नाही. तरीही मी तिथे जाऊ नका असंच सांगेन. फिलिपिन्सलाच जायचं असेल तर डोन्सोल आहे. तिथे १९९८ पासून गावकरी खाद्य न टाकता मासा दाखवतात. हंगामात जावं लागतं आणि कधी कधी दिसतही नाही.

‘शंभर टक्के दिसणार’ हे वाक्य कुठल्याही देशात कोणी बोललं, की आधी विचारा: कशामुळे?

कुठे राहायचं, कधी जायचं

रिसॉर्ट परवडत असेल तर दक्षिण अरिला पुष्कळ आहेत. मला मात्र लोकवस्तीच्या बेटावर राहणं बरं वाटतं. धिगुरा हे त्यातलं सगळ्यात सोयीचं: तीनेक किलोमीटर लांब, चिंचोळं, गावात गेस्ट हाउसं भरपूर आणि संरक्षित पट्टा अगदी दारात. व्हेल शार्कवर काम करणाऱ्या स्थानिक संशोधन प्रकल्पाचं ठाणंही याच बेटावर आहे. मालेहून स्पीडबोटीने दोनेक तास लागतात. समुद्र खवळलेला असताना बोट लागत असेल, तर मामिगिली बेटापर्यंत देशांतर्गत विमानाने अर्ध्या तासात जाऊन पुढे छोट्या बोटीने जाता येतं. मालेला उतरण्याची वेळ आणि स्पीडबोटीची वेळ जुळते का, हे तिकीट काढण्याआधी गेस्ट हाउसला विचारा. संध्याकाळी उशिरा पोहोचलात तर एक रात्र माले किंवा शेजारच्या हुलहुमालेला काढावी लागेल. शुक्रवारी तिथे सुट्टी असते, बोटींचं वेळापत्रक बदलतं.

भारतीयांना पर्यटनासाठीचा व्हिसा पोहोचल्यावर फुकट मिळतो. विमानाच्या आधीच्या ९६ तासांत ‘इमुगा’ नावाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, तोही फुकटच असतो. पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून सांभाळा. गावच्या बेटावर दारू मिळत नाही आणि देशात नेताही येत नाही. पोहण्याचे तोकडे कपडे फक्त पर्यटकांसाठी राखलेल्या किनाऱ्यावर चालतात, गावातून फिरताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. शाकाहारी असाल तर गेस्ट हाउसला आधीच कळवा. तिथला रोजचा नाश्ता म्हणजे मास हुनी: ट्यूना, ओलं खोबरं, कांदा, लिंबू एकत्र कालवून रोशीबरोबर, म्हणजे तिथल्या चपातीबरोबर. मासे खाणाऱ्याला तो सोडवत नाही.

ऋतू म्हणाल तर जानेवारी ते एप्रिल समुद्र शांत असतो, पाणी स्वच्छ असतं. मे ते ऑक्टोबर वारा आणि पाऊस जास्त, पण मासे तेव्हाही असतात, शिवाय खोल्या स्वस्त मिळतात. पोहण्याची सवय नसलेल्याने मात्र पहिली खेप शांत महिन्यांतच करावी. धिगुराला निदान चार रात्री ठेवा. दोन रात्रींच्या धावत्या भेटीत एकच फेरी हाती लागते, ती हुकली की माणूस हट्टाला पेटतो, बोटवाल्यावर दबाव आणतो आणि बोटवाला मग माशावर. हातात मोकळे दिवस असले की रिकामं परतणंही सोसतं.

बोट ठरवताना हे विचारा

पैसे देण्याआधी पुढचे प्रश्न गेस्ट हाउसला किंवा डाइव्ह सेंटरला लिहून पाठवा. उत्तर कसं येतं यावरूनच बरंच कळतं.

- एका फेरीत किती जण असतात आणि एका वेळी पाण्यात किती उतरतात? निंगालूला एका माशामागे दहाच्या वर माणसं पाण्यात उतरू देत नाहीत. तुमची बोट त्याहून कमी घेत असेल तर उत्तमच.
- वाटाड्या स्वतः आमच्याबरोबर पाण्यात उतरतो का? बोटीवरून फक्त ‘उड्या मारा’ म्हणून ओरडणारा नको.
- माशाजवळ आधीच दोन-तीन बोटी असतील तर तुम्ही काय करता? ‘थांबतो’ किंवा ‘पुढे जाऊन दुसरा शोधतो’ हे योग्य उत्तर.
- निघण्याआधी नियम समजावून सांगता का?
- मासा दिसला नाही तर? चांगला माणूस सरळ सांगतो की समुद्राचा नेम नाही. पैसे परत मिळत नसतील तर तेही आधी कळलेलं बरं.

बोट निवडायची मुभा असेल तर मी संथ चालणारी धोणी, म्हणजे तिथली पारंपरिक बोट, घेईन. स्पीडबोट पट्टा लवकर पालथा घालते, पण माशाच्या पाठीवरून जाण्याचा धोका तिचाच जास्त.

घरून निघण्याआधी

या भागाला लोक सगळ्यात कमी वेळ देतात आणि मग पाण्यात तेच नडतं. मासा रीफच्या बाहेर, उघड्या समुद्रात असतो. खाली तळ दिसत नाही, नुसता निळा रंग खोल जात राहतो. तलावात चार हात मारणारा माणूसही तिथे पहिल्यांदा घाबरतो, धापा टाकतो, हातपाय झाडतो. घाबरलेल्या माणसाचं अंतरावर लक्ष राहत नाही.

निघण्याच्या दोन-तीन महिने आधी जवळच्या तरणतलावावर जायला लागा. मास्क आणि स्नॉर्कल (श्वासाची नळी) स्वतःचे घ्या. मास्क घेताना पट्टा न लावता तो चेहऱ्याला टेकवा आणि नाकाने हलकेच श्वास ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला, तर तुमच्या चेहऱ्याला बसतो. मिशी असेल तर वरच्या ओठापाशी पाणी झिरपतं, तिथे थोडं व्हॅसलिन लावतात. तोंडाने श्वास घेत, चेहरा पाण्यात ठेवून, न थांबता दहा मिनिटं तरंगता आलं पाहिजे. नळीत पाणी शिरलं तर जोरात फुंकून बाहेर काढता आलं पाहिजे. मग फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) घालून फक्त कमरेपासून पाय हलवत पोहायचा सराव करा, गुडघे न दुमडता, हात अंगालगत ठेवून. हे जमलं की अर्धं काम झालं.

समुद्राचा अनुभव हवा असेल तर मालवणजवळ तारकर्लीला जा. तिथे स्नॉर्कलिंगही होतं आणि पर्यटन महामंडळाचं स्कुबा प्रशिक्षण केंद्रही आहे. लाटेत मास्क घालून राहायची सवय तिथे होते.

हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच पाण्यात उतरावं. पोहता येत नसेल तरी जाता येतं, पण लाइफ जॅकेट घालून, वाटाड्याच्या हाताशी धरून. आणि हे बोटीवर चढण्याआधी सांगायचं. ऐन वेळी लाजून गप्प बसू नका.

सामानात पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पोहताना घालायचा अंगाबरोबरचा सदरा) आणि पायघोळ स्विमिंग लेगिंग घ्या. पाठ आणि पोटऱ्या झाकल्या की सनस्क्रीन फार लागत नाही, आणि सनस्क्रीनमधली काही रसायनं प्रवाळाला घातक असतात. उरलेल्या भागासाठी झिंक ऑक्साइडचं घ्या आणि पाण्यात उतरायच्या अर्धा तास आधी लावा. बोट लागण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. कॅमेरा न्यायचा तर मनगटाला बांधायची दोरी लावा. सेल्फी स्टिक घरीच ठेवा, ती हातात असली की पुढे पुढे सरकते.

बोटीवर

नाश्ता हलका करा. बोट रीफच्या बाहेरच्या कडेने, धिगुराकडून मामिगिलीच्या दिशेने संथ चालते. टपावर एक-दोन माणसं उभी राहून पाण्यात काळसर सावली शोधतात. यात तासन्‌तास जातात. तुम्हीही बघत राहा, पण सूर्य पाठीशी ठेवून, आणि पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड गॉगल लावून.

बोटीवरच्या या रिकाम्या वेळात फिन्स आणि मास्क हाताशी तयार ठेवा. सावली दिसली की एकदम गडबड उडते. कोणाचा पट्टा सापडत नाही, कोणी एकच फिन घालून उभा. बोट त्या वेळात माशाभोवती घिरट्या घालत राहते आणि खरा त्रास तिथेच सुरू होतो. तयार असलेली माणसं बोटीला एकाच खेपेत मोकळं करतात.

पाण्यात

बोट माशाच्या बाजूला, थोडी पुढे थांबली पाहिजे. इंजिन न्यूट्रलला गेलं, पंखा थांबला आणि वाटाड्याने हात दाखवला, की मगच उतरायचं. उडी नाही. कडेवर बसा, मास्कवर हात ठेवा आणि घसरत पाण्यात जा. वर येताच बोटीपासून दूर व्हा आणि चेहरा लगेच पाण्यात घाला. पहिल्या काही क्षणांत काहीच दिसत नाही, फक्त स्वतःच्या श्वासाचा आवाज आणि निळाई. वाटाड्याच्या बोटाकडे पाहा, माशाला शोधत गोल फिरू नका.

तो दिसतो तेव्हा आधी ठिपके दिसतात. करड्या-निळ्या पाठीवर पांढरट ठिपके आणि त्यांना आडव्या जाणाऱ्या फिक्या रेघा. पाठीवरून शेपटीकडे गेलेले लांबट कंगोरे. सपाट, रुंद डोकं आणि त्याच्या कोपऱ्यात, तोंडाच्या अगदी कडेला, अंगाच्या मानाने इवलासा डोळा. पोटाखाली चिकटून चाललेले रेमोरा मासे. शेपटी डावी-उजवीकडे इतकी सावकाश हलते की तो जागचा हललाच नाही असं वाटतं, आणि तोवर तो पुढे गेलेला असतो.

आता नियम. अंगापासून किमान तीन मीटर, शेपटीपासून चार. दोन माणसं ओळीने आडवी झाली की साधारण तीन मीटरच्या वर होतं, ते माप डोळ्यात ठेवा. जागा बाजूची, पराच्या मागे. तोंडासमोर कधीच जायचं नाही, कारण समोर भिंत झाली की त्याला वळावंच लागतं. पाठीवरून पोहायचं नाही, त्याच्या वर सूर मारायचा नाही, खालून वर यायचं नाही. हात लावायचा नाही, अगदी तो स्वतःहून जवळ आला तरी. तसं झालं तर तुम्ही मागे सरा, हातपाय न झाडता. फ्लॅश पूर्ण बंद.

त्याच्याकडून येणाऱ्या खुणा वाचायला शिका. अंग शहारल्यासारखं थरथरलं, तो कुशीवर वळून पाठ तुमच्याकडे करू लागला, शेपटीची गती अचानक वाढली किंवा डोळा आत ओढून घेतला, तर त्याला तुमचा त्रास होतोय. जागीच थांबा, अंतर वाढवा. वाटाड्या काही म्हणो न म्हणो, हे ठरवणं तुमच्या हातात आहे.

तो पुढे निघून गेला तर पाठलाग नको. तुम्ही जीव तोडून पोहून त्याला गाठूच शकत नाही, फक्त दमता आणि बोटीपासून लांब जाता. बाहेरच्या कडेला पाण्याची ओढही बरीच असते. डोकं वर काढा, सोबतचे कुठे आहेत ते पाहा, हात उंच करून बोटीला इशारा करा आणि तरंगत थांबा. बोट तुमच्याकडे येताना तिच्या पंख्याकडे लक्ष ठेवा आणि इंजिन थांबल्याशिवाय शिडीला हात लावू नका.

गर्दी झाली तर

पर्यटकांच्या हंगामात एका माशाभोवती अनेक बोटी आणि कित्येक माणसं गोळा होतात. फिन्स एकमेकांच्या तोंडावर बसतात, मासा मधे कोंडला जातो. अशा वेळी बोटीतच बसून राहण्याचा पर्याय तुम्हाला असतो आणि तो तुम्ही घ्यावा असं मला मनापासून वाटतं. कप्तानाला सांगा, ‘आम्ही थांबतो, गर्दी पांगू दे.’ एका कुटुंबाने असं म्हटलं की बाकीचे प्रवासी बहुधा ऐकतात आणि कप्तानालाही हायसं वाटतं, कारण पाहुण्यांना काहीतरी दाखवलंच पाहिजे या दडपणाखाली तोच सगळ्यात जास्त असतो. तो दिवस रिकामा गेला तरी त्याच फेरीत रीफवर कासवं, मांटा (पंख पसरल्यासारखा चपटा मोठा मासा) किंवा डॉल्फिन भेटण्याची शक्यता चांगली असते.

वाटाड्याने नीट काम केलं असेल, एखाद्या माशाला सोडून दिलं असेल, तर त्याला टिप द्या आणि कशासाठी देताय ते सांगा. ऑनलाइन अभिप्राय लिहिताना ‘मासा दिसला’ याऐवजी बोट कशी थांबली, किती जण उतरले, हे लिहा. पुढचा मराठी प्रवासी तेच वाचून बोट ठरवेल.

फोटो कामी लावा

प्रत्येक व्हेल शार्कच्या ठिपक्यांची रचना वेगळी असते. अंतराळातल्या ताऱ्यांची छायाचित्रं जुळवण्यासाठी बनवलेली गणिती पद्धत याच ठिपक्यांवर वापरून मासे ओळखले जातात. ओळखीसाठी हवा असतो तो भाग म्हणजे कल्ल्यांच्या शेवटच्या चिरेमागचा, बाजूच्या पराच्या वरचा. डावी बाजू आधी, जमली तर उजवीही. तीन मीटरवरून साध्या अॅक्शन कॅमेऱ्यातही तो भाग पुरेसा स्पष्ट येतो. व्हिडिओ सुरू ठेवून बाजूने पोहत राहिलात तर त्यातून एखादी स्थिर चौकट नक्की मिळते, बटण दाबत बसावं लागत नाही.

बोटीवर परतल्यावर विसरण्याआधी तारीख, वेळ, जागा, अंदाजे लांबी आणि अंगावरचे व्रण लिहून ठेवा. नर असेल तर पोटाखालच्या परांजवळ दोन लांबट अवयव दिसतात. लक्षात आलं तर तेही लिहा, पण त्यासाठी खाली सूर मारू नका. हे सगळं ‘शार्कबुक’ या जागतिक नोंदसंग्रहात कोणालाही टाकता येतं. धिगुराला असाल तर तिथल्या संशोधन प्रकल्पातल्या लोकांना थेट दाखवा. मासा ओळखीचा निघाला तर त्याच्या आधीच्या भेटी केव्हा, कुठे झाल्या हे कळू शकतं. नवी जखम दिसली असेल तर त्याच संध्याकाळी फोटो द्या, म्हणजे ती केव्हाची आणि कोणत्या भागात झाली हे शोधणं त्यांना सोपं जातं.